निळ्या चौकड्याचा शर्ट

औसा, शुक्रवार, २४ सप्टेंबर १९९३

आडत दुकानदारानं नव्या वर्षाला दिलेली ही डायरी नऊ महिने कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज परत बेइज्जती झाली आणि ती सांगायला कुणी नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी झाली, त्यामुळं लिहिता हेच येतं. गौसियाला मराठी वाचता येत नाही, हे एक बरं आहे.

झालं असं की सकाळी स्टँडवर एक माणूस हात करून हसला. मी बी हसलो. म्हणलं, "काय पावणं, कुणीकडं?" तो माझा सख्खा साडू निघाला, शारिक. तसाच घरी गेला आणि गौसियाला म्हणला, "तुझा नवरा मला पावणं म्हणतो, मी काय बाजाराला आलोय?"

हा ऐब माझा जन्माचा आहे. नजर चांगली आहे, सुईत दोरा एका झटक्यात ओवतो. माणसाचं नाक दिसतं, डोळे दिसतात, ओठ दिसतात, पण ते सगळं मिळून कोण झालं ते कळत नाही. त्यानं मान वळवली की पुसलं. अम्मीला मी बांगड्यांच्या आवाजावरून ओळखायचो. लोक म्हणतात, अजीज टेलरला मग्रुरी आली, सलाम घेत नाही. म्हणोत बापडे. मी माणूस ओळखतो तो खांद्यावरून, चालीवरून, खोकल्यावरून, आणि सगळ्यात पक्कं म्हणजे अंगावरच्या कपड्यावरून. माझी शिलाई मी हजारात काढून दाखवीन.

दुपारी बेलवाडीचे माणिकप्पा आले. त्यांची वहाण दुकानाच्या पायरीपासूनच करकरते, त्यामुळं तिथं काही अडचण नाही. बरोबर पोरगा बसवंत होता. त्याला यंदा लातूरला अकरावी सायन्सला घातलंय, क्लास लावलाय, गणपतीला गावी आलाय.

"मास्टर, गणपती उठायच्या आत पायजे बरं का," अप्पा म्हणले. "लेकरू लेझमात पुढं हाय."

निळ्या चौकड्याचं कापड, चांगलं जाड. पोरगा सोळाचा पण ताडासारखा वाढलाय, खांदा सतरा, बाही पंचवीस. आतून एक चोरखिसा लावायला सांगितला, बसच्या पाससाठी. लातूरला म्हणे खिसे कापतात. मंगळवारी देतो म्हणलंय.

गुरुवार, ३० सप्टेंबर

पहाटे जमीन हलली. सगळी गल्ली अंथरुणातून तशीच उठून रस्त्यावर आली. कुणाच्या अंगावर ओळखीचं कापड नाही. गौसिया आमच्या लेकीला, अर्शियाला, धरून माझ्यापासून दोन हातांवर उभी होती आणि मी दोघींच्या नावानं बोंबलत होतो. तिनं हात धरला तेव्हा कळलं.

आमची एक भिंत फुटली, बाकी खैर आहे. किल्लारीकडं गावंच्या गावं बसली म्हणतात. खरं वाटत नाही.

शनिवार, २ ऑक्टोबर

खरं आहे.

काल भाकरी आणि चादरी घेऊन ट्रक निघाला, त्यात मी बी चढलो. बेलवाडी उरली नाही. दगडमातीची घरं, जाड भिंती, सगळं माणसांच्या अंगावर. वरून पाऊस. शाळेच्या पटांगणात ओळीनं ठेवलेले होते. तलाठी वही घेऊन फिरत होता, नाव सांगा, नाव सांगा म्हणत होता, आणि लोक जवळ जाऊन बघत होते आणि परत येत होते. दगडांनी तोंडं ठेवली नव्हती. जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांसारखा होतो. तोंडावरून कुणाला कुणी कळत नव्हतं.

तिसऱ्या ओळीत मला निळा चौकडा दिसला. मी धावलो. गुंडी काढून आत बघितलं, चोरखिसा, माझी दुहेरी टीप. मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की तलाठी दचकला. "हा माझा शर्ट! माणिकप्पांचा बसवंत!"

अप्पा एका पडक्या चौकटीवर बसले होते. बायको आदल्या दिवशीच सापडली होती. ते आले, उभे राहिले.

"नक्की का, मास्टर?"

"नक्की, अप्पा. माझ्या हातचं हाय."

परत विचारलं. परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला थोडा राग बी आला. माझी शिलाई मला कळणार नाही तर काय? शर्टाच्या बाह्या मनगटावर दोन घड्या घालून वर सारलेल्या होत्या. आजकालच्या पोरांची फॅशन. एवढ्या मापात बेतलेली बाही कशाला दुमडायची, असं तिथं उभ्या-उभ्या मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. असल्या वेळी शिंपीपणा सुचतो.

अप्पांनी स्वतः पाणी घातलं. छाती धुतली, हात धुतले, पायापर्यंत आले आणि तिथं त्यांचा हात थांबला. बराच वेळ पाय धरून बसले. मला वाटलं, आता हंबरडा फोडतील. पण ते एवढंच म्हणले, "हौ. माझाच हाय. उचला."

बाकीच्यांच्या चिता पेटत होत्या, ज्यांना नाव मिळालं नाही ते सगळे एकाच सरणावर गेले. अप्पा लिंगायत, त्यांच्यात माती देतात. त्यांच्या शेतात खड्डा घेतला, विभूती लावली, मांडी घालून बसवला. मी बी माती लोटली.

रविवार, ३ ऑक्टोबर

औशात बातमी माझ्या आधी पोचलेली. लोक दुकानात येऊन सांगतात, अजीजभाई, तुमच्यामुळं एका बापाला लेकरू तरी मिळालं. लिहायला लाज वाटते, पण आत कुठंतरी मला बरं वाटलं. जन्मभर कुणाला ओळखलं नाही, आणि एकाला ओळखलं तर असं.

लातूर, रविवार, ६ जुलै १९९७

पावणेचार वर्षांनी ही वही सापडली, अर्शियाच्या पुस्तकांच्या पेटीत. निम्मी कोरी आहे. वाया कशाला घालवायची?

आम्ही औसा सोडून दोन वर्षं झाली. लातूरला आता गल्लीगल्लीत क्लास आहेत. कुठल्या कुठल्या गावांची पोरं एकेका खोलीत चारचार राहतात, पहाटेपासून पाठांतर करून राहिली. डॉक्टर नाहीतर इंजिनियर, तिसरी जात नाही. मला काय, मला कपडे शिवायचेत. एका क्लासच्या दोनशे मुलींचे गणवेश माझ्याकडं आले आणि अर्शिया बी त्याच क्लासला अकरावीत गेली.

काल तिला घ्यायला फाटकाशी उभा होतो. दोनशे पोरी सुटल्या, सगळ्या राखाडी कपड्यात. सगळे माझ्याच हातचे. असा वेंधळ्यासारखा उभा होतो की चौकीदार म्हणला, "ओ चाचा, बाजूला व्हा, पोरी जाऊन राहिल्या." मग अर्शियानं हात वर केला आणि "अब्बा" म्हणून ओरडली. ती रोज तसंच करते. लाजत नाही, शाबास तिची. परवा म्हणली, "हे मेंदूत असतं बहुतेक. बायोलॉजीच्या सरांना विचारू?" मी म्हणलं, खबरदार. टेलरला गिऱ्हाईक कळत नाही हे कळलं तर दुकानाला कुलूप.

रविवार, २० जुलै

आज दुकानात एक बाई आली. डावा पाय ओढत चालते. समोरच्या खानावळीत भाकरी करते.

"मास्टर, तुम्ही औशाचे न्हवं का? बेलवाडीत माणिकप्पाचं लेकरू वळखलेले?"

नाव साखराबाई. बेलवाडीचीच. भूकंपात पायावर घराचं मातीचं माळवद पडलं, तीन महिने सोलापूरच्या दवाखान्यात होती. तिचं एकुलतं एक लेकरू, लिंबाजी, तेव्हा सोळाचं. ते जिवंत मिळालं नाही आणि मेलेलं बी मिळालं नाही. पुढं कुणी एका ड्रायव्हरनं सांगितलं, तुझ्या लिंबासारखं पोरगं लातूरला गंजगोलाईच्या बाजारात बघितलं, पाठीला दप्तर होतं. तेव्हापासून ती इथं आहे. खानावळीत काम धरलं तेसुद्धा एवढ्यासाठी की तीनशे पोरं दोन वेळा ताटावर बसतात, तोंडं बघायला मिळतात.

"डोक्याला मार लागून इसरला आसंल नाव-गाव. तुमच्याकडं बी लई पोरं येतेत मापाला. माझा लिंबा दिसला तर सांगसाल का? तुम्ही त्याला बघितलेलं हाय की, बसवंतासंगं यायचा औशाला."

मी म्हणलो, "हौ, सांगतो की."

रविवार, १७ ऑगस्ट

दर रविवारी ती येते आणि पायरीवर टेकते. "दिसला का, मास्टर?" मी म्हणतो, "न्हाई दिसला." ती म्हणते, "बरं. नजर ठेवा." आणि जाते.

या महिन्यात शंभर तरी पोरांची मापं घेतली. लिंबाजी समोर हात पसरून उभा राहिला असता तरी मी त्याची छाती मोजून पुढच्याला बोलावलं असतं. हे तिला सांगायला जीभ उचलत नाही. गौसियाला बोललो तर म्हणली, "सांगू नका. एक माणूस आपल्यासाठी बघतोय, एवढ्यावर ती तग धरून आहे."

सोमवार, ८ सप्टेंबर

आज दुपारी दुकान अर्धं ओढून घेतलं. हात चालेना.

गणपती बसलेत. समोरच्या मैदानात पोरं लेझमाची तालीम करतात. साखराबाई आली, रविवार नसताना आली. पायरीवर बसून बघत राहिली. आपल्याच नादात म्हणली, "माझा लिंबा बी खेळायचा. त्या सालाला अंगावर धड कापड नव्हतं, पुढं कसा जाणार? तर बसवंतानं आपला नवा काढून दिला त्याला. निळा, चौकड्याचा. म्हणला, तू घाल, मी आपला जुनाच घालतो. लई जीव व्हता दोघांचा. ढगळा व्हायचा लिंबाला, मीच बाह्या वर सारून दिल्या."

मी विचारलं, "किती घड्या?"

ती हसली. "दोन. कामून?"

ती गेल्यावर ही वही काढली आणि २ ऑक्टोबरचं पान वाचलं. माझ्याच हातानं लिहिलंय. खांदा सतराचा शर्ट, बाही पंचवीस, आणि मला फॅशन वाटली!

या अल्लाह. अप्पांच्या शेतात लिंबाजी बसलाय. आणि बसवंत जुन्या कपड्यात, कुणी नाव न दिलेला, त्या मोठ्या सरणावर गेला. मी ओरडलो नसतो तर अप्पा शोधत राहिले असते. कदाचित सापडला असता. मला एकदा, फक्त एकदा, लोकांनी शाबास म्हणावं म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो का?

बुधवार, १० सप्टेंबर

गौसियाला सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत भाजी निवडत होती, शेवटी थांबली.

"एकाच्या पदरातलं काढून दुसरीच्या पदरात घालणार? म्हाताऱ्याकडं तेवढी समाधीच आहे."

"आणि साखराबाई?"

"तिच्याकडं आस आहे."

मला बी ते पटलं. गप्प बसायचं ठरवलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गप्प बसता येत नाही. आज खानावळीत बोभाटा झाला. जेवणाऱ्या एका पोराची हनुवटी धरून साखराबाईनं त्याचं तोंड उजेडाकडं फिरवलं. पोरगं ओरडलं, ताट सांडलं, बाकीचे फिदीफिदी हसले. मालकानं सगळ्यांसमोर सुनावलं, परत असं केलंस तर घरी बस. ती खाली वाकून सांडलेला भात गोळा करत होती. मी दारातून बघितलं आणि माघारी आलो.

रविवार, १४ सप्टेंबर

आधी अप्पांकडं जायचं, हे मनाशी पक्कं केलं. बेलवाडी नव्या जागी वसलीय, सरळ रेषेत सारखी घरं. मला तर एक दुसऱ्यापासून वेगळं ओळखू येईना, विचारत विचारत गेलो. अप्पा एकटेच राहतात. भिंतीवर बसवंतचा फोटो, कॉलेजच्या फॉर्मसाठी काढलेला, मोठा करून घेतलाय. त्याला हार.

सगळं सांगितलं. शर्ट, बाह्या, साखराबाई. आणि पहिल्यांदाच कुणा परक्याला सांगितलं की अप्पा, मला तोंडं कळत नाहीत, जन्मापासून. मी कपड्यावर नाव दिलं, पोरावर नाही.

 अप्पांनी फोटोकडं बोट केलं.

"हे कोण हाय?"

"बसवंत."

"कशावरून?"

"हारावरून, अप्पा."

"म्हंजे तोंड कळत न्हाई. आन् चार सालांनी येऊन मला सांगून राहिला की माझ्या शेतात दुसऱ्याचं लेकरू हाय. आंधळ्यानं रंग सांगावा आन् डोळसानं ऐकावा व्हय रे?" ते उठले. "शर्ट तुझा. खिसा तुझा. पोरगा माझा. पाणी मी घातलंय त्याला. जा आता, परत या दारी येऊ नको."

करकरत आत गेले आणि दार लावलं. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. नुसता खोटा म्हणून मला हाकललं असतं तरी चाललं असतं.

बुधवार, १७ सप्टेंबर

परवा गणपती उठले. आज साखराबाईला सांगितलं.

दुकानात स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि एका दमात बोललो. ती आधी रडली नाही. म्हणली, "तोंड कळत न्हाई?"

"न्हाई."

"मंग रविवारच्या रविवार मला काय सांगत व्हता? दिसला न्हाई, दिसला न्हाई! तुमच्या म्होरून दहा येळा गेला आसता तर?" तिनं पेला आपटला. "बामणाला, मारवाड्याला, रिक्षावाल्याला, सगळ्याला सांगितलं व्हतं मी. पण तुमच्यावर भिस्त ठिवली. मास्टरची नजर म्हणून!"

मी मान खाली घातली. ती बोल बोल बोलली, शिव्या दिल्या, मी ऐकून घेतलं. तेवढं तर माझ्याकडं निघत होतंच.

मग ती एकाएकी थांबली. पदर तोंडाला लावला. आतून म्हणली, "मास्टर, तुमाला म्हणून काय करू? मला बी आता त्याचं तोंड आठवंना. फोटो एक बी न्हाई, सगळं मातीत गेलं. परवाच्या त्या पोराची हनवटी धरली ना, तवा मलाच कळंना, ह्यो लिंबा हाय का न्हाई. आई हाय मी त्याची. जिता सापडला आसता तर मीच वळखला नसता."

तेव्हा कुठं ती रडली. मी बी रडलो. गिऱ्हाईक आलं, माघारी गेलं.

मंगळवार, ३० सप्टेंबर

चार वर्षं झाली आज. अप्पा या दिवशी समाधीवर पूजा करतात. साखराबाई म्हणली, मला नेता का? मी म्हणलं, अप्पांनी हाकलून दिलंय. ती म्हणली, मला कुठं हाकललंय?

सकाळच्या बसनं गेलो. बांधाच्या अलीकडं मी थांबलो. लिंबाच्या झाडाखाली छोटा चौथरा, चुना दिलेला. अप्पा बेल वाहत होते. साखराबाई पाय ओढत जवळ गेली. मला भीती वाटली, आता दोघांत कायतरी व्हायचं. पण ती काही मागायला गेलीच नाही.

"अप्पा, बसू का जरा?"

अप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग लांब माझ्याकडं बघितलं. "बस."

ती बसली. चौथऱ्याला हात लावला नाही. म्हणली, "तुम्ही तर माझ्या लिंबाला रोज बघत व्हता. बसवंतासंगं तुमच्याच वसरीत असायचा. मला त्याचं तोंड आठवंना झालंय. कसं व्हतं, सांगता का?"

मी जवळ सरकलो. मला वाटलं, अप्पा उठून जातील. ते उठले नाहीत. बेलाचं पान हातात फिरवत राहिले आणि मग बोलायला लागले, हळू, थांबत थांबत.

"डाव्या भिवईत खोक व्हती. बैलाचं शिंग लागलेलं. हसला की एकच गाल आत जायचा, उजवा. डोळं घारं, तुझ्या दादल्यासारखं. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. केस राठ, कितीबी तेल लावलं तरी उभंच. आन् टाचा ह्या अशा फुटलेल्या, जलमात पायात वहाण न्हाई. भेगांत माती बसलेली, धुतली तरी..."

तिथं ते थांबले. लिंबाच्या टाचा अप्पांना जरा जास्तच आठवल्या; त्या दिवशी पाणी घालताना त्यांचा हात पायाशीच थांबला होता.

साखराबाई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिचा एक हात वर आला आणि हवेतच, गालावरून फिरवावा तसा फिरला. "हौ," ती म्हणली. "हौ, घारं. घारंच व्हतं."

मी हे सगळं घरी आल्या आल्या लिहून काढलंय. तिला लिहिता येत नाही आणि उद्या परत पुसलं जाईल. माझ्या डोळ्यांपुढं अजून काही उभं राहत नाही. खोक, गाल, दात, नुसते तुकडे. पण तिच्या पुढं उभं राहिलं, ते मी बघितलं.

मग अप्पांनी हातातलं बेलाचं पान तिच्या हातात दिलं. "तूच वाहा," म्हणले. आणि तोंड झाकून घेतलं. म्हातारा माणूस, खांदे गदगदत होते. मला म्हणले, "मास्टर, मंग माझ्या बसवंताला मी कुठं बघू? सांग. तू सांगितलं म्हणून हितं बघत व्हतो. आता कुठं बघू?"

मी खाली त्यांच्याजवळ बसलो.

साखराबाईनं पान वाहिलं, डोकं टेकलं आणि बसल्या जागेवरूनच म्हणली, "हितंच बघा, अप्पा. चार सालं माझ्या लेकराला तुम्ही दिवा लावला. आता तुमच्या लेकराला मी लावते. ह्यो चौथरा हाय की दोघाला."

अप्पांनी नुसती मान हलवली. आम्ही तिथं उन्हं कलेपर्यंत बसलो, तिघंही. शेवटच्या बसला मी एकटाच चढलो. ती तिथंच राहिली.